कंटेनर सगळे चालू, तरी ऑर्डर जाईना: अनेक सेवांच्या ॲपवर देखरेख कशी उभी करायची

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका घाऊक व्यापाऱ्यांचा फोन आला, "सर, ऑर्डरच जाईना की. नुसतं चाक फिरतंय. चारदा दाबलं." चादरी आणि टॉवेलांच्या घाऊक ऑर्डरी घेणारं ते ॲप मी आणि माझे दोन सहकारी सांभाळतो. लगेच सर्व्हरवर जाऊन पाहिलं. पाचही सेवांचे कंटेनर चालू होते. सीपीयू कुठेही चाळीस टक्क्यांच्या वर नाही, मेमरी पुरेशी, डिस्क मोकळी. मग आम्ही नेटवर्क तपासत बसलो, व्यापाऱ्यांना ब्राउझर बदलून बघायला सांगितलं आणि दीड तास नको त्या जागी शोधण्यात घालवला. तोवर त्यांनी ऑर्डर फोनवरून, कागदावर लिहून दिली होती.

त्या दिवसानंतर आम्ही देखरेख पहिल्यापासून नव्याने उभी केली. सोलापुरात इंजिनिअरिंग किंवा एमसीए करून पहिल्याच नोकरीत आलेली मुलं-मुली आमच्याकडे येतात, त्यांना मी हे काम ज्या क्रमाने शिकवतो तोच क्रम इथे मांडतोय. डॉकरवर कंटेनर चालवता येतो आणि लिनक्सच्या रोजच्या आज्ञा माहीत आहेत, एवढं गृहीत धरलंय.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधीच सांगतो. ग्राहकाची मागणी (रिक्वेस्ट) किती वेळात पूर्ण झाली, हे आधी मोजायचं. कंटेनरची तब्येत त्यानंतर.

कंटेनरमुळे नेमकं काय बदललं

पूर्वी एक प्रोग्रॅम एका यंत्रावर असायचा. यंत्राचं नाव पाठ असायचं आणि लॉगची फाइल कुठे आहे हे डोळे मिटून सांगता यायचं. कंटेनरचं तसं नसतं. नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर जातो, त्याच्या जागी दुसऱ्या नावाचा आणि दुसऱ्या पत्त्याचा येतो. जुन्याच्या आत लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं.

डॉकर २०१३ साली लोकांसमोर आलं, पण त्याच्या मुळाशी असलेली सीग्रुप ही सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये २००८ पासून आहे. कंटेनर म्हणजे त्याच कर्नलवर चालणारी साधी प्रक्रिया असते. नेमस्पेसमुळे तिला शेजारच्या प्रक्रिया दिसत नाहीत आणि सीग्रुप तिला सीपीयू आणि मेमरीचं रेशन ठरवून देतं. हा रेशन शब्द लक्षात ठेवा, आमच्या त्या दुपारचं अर्धं उत्तर त्यात आहे.

दुसरा बदल हिशेबाचा. एक मागणी पाच सेवांमधून जाते असं धरा. प्रत्येक सेवा शंभरातून एकदाच रेंगाळते, म्हणजे प्रत्येकीचा स्वतःचा आकडा उत्तमच दिसतो. तरी शंभरातल्या जवळजवळ पाच मागण्यांना वाटेत कुठे ना कुठे रेंगाळावं लागतं. सेवा दहा झाल्या की हा आकडा साडेनऊपर्यंत जातो. प्रत्येक सेवेचा माणूस मनापासून म्हणतो, "माझ्याकडे सगळं बरोबर आहे," आणि व्यापारी मात्र फिरतं चाक बघत बसतो.

पायरी १: कागदावर एका ऑर्डरची वाट काढा

कोणतंही साधन बसवण्याआधी कागद घ्या. आमच्या कागदावर असं होतं: व्यापारी ‘ऑर्डर नोंदवा’ दाबतो, मागणी दर्शनी सेवेकडे येते, तिथून ऑर्डर सेवेकडे. ऑर्डर सेवा माल आहे का हे साठा सेवेला विचारते, साठा सेवा पोस्टग्रेस डेटाबेसमधून वाचते. मग पैसे सेवा, तिच्यापुढे बाहेरचं पेमेंट गेटवे. शेवटी रेडिसच्या रांगेत एक चिठ्ठी पडते आणि निरोप सेवा ती उचलून व्यापाऱ्याला मेसेज पाठवते.

आता प्रत्येक बाणाजवळ तीन गोष्टी लिहा: विचारणारा किती वेळ थांबतो, उत्तर आलं नाही तर किती वेळा पुन्हा विचारतो, आणि तोवर ग्राहक ताटकळतो की नाही. ह्या कामाला आम्हाला अर्धा दिवस लागला, कारण कोडमध्ये जाऊन शोधावं लागलं. दर्शनी सेवा तीन सेकंद थांबून पुन्हा विचारते आणि असं तीनदा करते, हे तेव्हा कळलं. ते आमच्यापैकीच कोणीतरी लिहिलं होतं आणि सगळे विसरले होते.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक वचन लिहा. आमचं असं आहे: शंभरातल्या नव्व्याण्णव ऑर्डरी दोन सेकंदांच्या आत नोंदल्या गेल्या पाहिजेत. हा आकडा मालकांशी आणि दोन-चार व्यापाऱ्यांशी बोलून ठरवा. तो ठरला नसेल तर ‘मंद’ म्हणजे नेमकं किती, यावर दर वेळी वाद होतो.

पायरी २: हाताशी जे आहे ते वापरा

डॉकर स्टॅट्स ही आज्ञा चालू कंटेनरांचा सीपीयू, मेमरी आणि नेटवर्क ताबडतोब दाखवते. यात नवख्यांचा एक घोळ होतो. लिनक्सवर इथे १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर, त्यामुळे चार कोअरच्या यंत्रावर आकडा ४०० पर्यंत जाऊ शकतो. आणि ही आज्ञा फक्त आत्ताचं दाखवते. दुपारी काय झालं हे संध्याकाळी तिला विचारता येत नाही.

बंद पडलेल्या कंटेनरचा एक्झिट कोड बघायची सवय लावा. १३७ दिसला तर अर्थ १२८ अधिक ९, म्हणजे ९ क्रमांकाचा सिग्नल पाठवून त्याला मारलं गेलं. बहुतेक वेळा मेमरीचं रेशन संपलेलं असतं, पण नेहमीच नाही. थांबायला सांगितल्यावर कंटेनर दहा सेकंदांत थांबला नाही तर डॉकर त्याला असाच मारतं आणि तेव्हाही १३७ च दिसतो. डॉकर इन्स्पेक्टमध्ये मेमरीमुळे मारला गेला का, याची वेगळी नोंद असते. ती पाहिल्याशिवाय मेमरी वाढवू नका.

आणखी दोन कामं आजच करून टाका. पहिलं, लॉगच्या फाइलींना मर्यादा घाला. डॉकर मुळात लॉग एकाच फाइलीत लिहीत जातं आणि ती वाढतच राहते. दहा-दहा एमबीच्या तीन फाइली एवढी मर्यादा शिकताना पुरते. दुसरं, सगळ्या यंत्रांची घड्याळं क्रोनीने जुळवा. घड्याळं पुढेमागे असली तर पुढे ट्रेस, म्हणजे एका मागणीची सगळ्या सेवांमधली वाट, बघताना उत्तर प्रश्नाच्या आधी आलेलं दिसतं. साठवताना वेळ यूटीसीमध्ये ठेवा, पडद्यावर दाखवताना साडेपाच तास मिळवा.

पायरी ३: प्रोमिथियस बसवा

आकडे गोळा करून साठवणारं प्रोमिथियस २०१२ साली साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालं आणि २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये आलं. कुबरनेटीसनंतर (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) तिथे आलेला तो दुसरा प्रकल्प. फुकट आहे, मराठी मुलांना शिकवायला सोपं आहे आणि छोट्या ॲपला एक प्रोमिथियस पुरतं.

त्याची काम करण्याची तऱ्हा आधी समजून घ्या. माझं लहानपण अक्कलकोट रोडच्या बाजूला मागांच्या आवाजात गेलं. शेडमधला मुकादम ठरावीक वेळाने प्रत्येक मागापाशी जाऊन वहीत आकडा टिपायचा. विणकर आपला माग सोडून त्याच्याकडे आकडे सांगायला जात नसे. प्रोमिथियस तसंच फेरी मारतं. प्रत्येक सेवा आपले आकडे एका पत्त्यावर मांडून ठेवते आणि प्रोमिथियस येऊन ते वाचून नेतं. मूळ सेटिंगमध्ये ही फेरी दर मिनिटाला असते, आम्ही ती पंधरा सेकंदांवर ठेवलीय. एखाद्या मागापाशी उत्तरच मिळालं नाही, तर तीही नोंद होते. ‘अप’ नावाचा आकडा तेव्हा शून्य होतो, आणि त्यासाठी तुम्हाला वेगळं काही लिहावं लागत नाही.

शिकताना डॉकर कंपोझने एकाच यंत्रावर चार कंटेनर वाढवा. प्रोमिथियस ९०९० पोर्टवर. यंत्राचे आकडे देणारा नोड एक्स्पोर्टर ९१०० वर. प्रत्येक कंटेनरचे आकडे देणारा सीॲडव्हायझर ८०८० वर. तुमचं ॲप आधीच तिथे बसलं असेल तर ह्याचा पोर्ट बदला. आणि आलेख काढायला ग्राफाना ३००० वर. प्रोमिथियसला डिस्कवरची कायमची जागा द्या, नाहीतर त्याचा कंटेनर बदलला की सगळा इतिहास जाईल. मुळात तो पंधरा दिवसांचे आकडे ठेवतो. लग्नसराईची तुलना मागच्या महिन्याशी करायची म्हणून आम्ही ते नव्वद दिवस केले. हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. ह्या आकड्यांवरून तुमच्या ॲपची सगळी आतली रचना कळते.

ह्या पायरीवर सगळे एकदा तरी अडखळतात. ऑर्डर सेवेचे तीन कंटेनर असतील आणि प्रोमिथियसला नुसतं सेवेचं नाव दिलं, तर फेरी कधी एका कंटेनरकडे जाते, कधी दुसऱ्याकडे. तिघांचे आकडे एका ओळीत मिसळतात आणि आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. त्यासाठी प्रोमिथियसची डीएनएसवरून शोधण्याची सोय वापरा. ती एका नावामागचे सगळे पत्ते काढते आणि प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवते.

पायरी ४: ॲपच्या आतून चार गोष्टी मोजा

गूगलच्या साइट रिलायबिलिटी अभियंत्यांनी चार खुणा रूढ केल्या: लागलेला वेळ, आलेल्या मागण्या, चुका आणि भरलेपण. त्यापलीकडे सुरुवातीला काही मोजू नका.

मागण्या आणि चुका मोजायला काउंटर लागतो. तो फक्त वाढतो आणि कंटेनर नव्याने सुरू झाला की शून्यावर येतो. म्हणून त्याचा नुसता आकडा बघायचा नसतो, रेट हे फंक्शन लावून दर सेकंदाला किती वाढला ते बघायचं. मधल्या शून्याचा हिशेब ते फंक्शन करतं. पंधरा सेकंदांची फेरी असेल तर रेटसाठी किमान एक मिनिटाची खिडकी घ्या. आम्ही पाच मिनिटांची घेतो.

भरलेपण म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे टाकी किती भरलीय आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरेल का, हे घरातलं लहान मूलही बघतं. ॲपमध्ये अशा टाक्या दोन: रेडिसच्या रांगेत किती चिठ्ठ्या साचल्यात, आणि डेटाबेसच्या जोडण्यांसाठी किती मागण्या ताटकळल्यात. पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या देतं. पाच सेवांनी प्रत्येकी तीसचा संच मागितला तर गर्दीच्या दिवशी काय होईल ते उघड आहे.

वेळ मोजणं मात्र नीट शिका. सरासरीवर जाऊ नका. शंभर ऑर्डरींपैकी ९५ ना ०.३ सेकंद लागले आणि ५ ना ९ सेकंद, तर सरासरी येते ०.७३५ सेकंद. आलेखावर हे छान दिसतं. नऊ सेकंद ताटकळलेले पाच जण त्यात कुठेच दिसत नाहीत. आणि आमच्या धंद्यात तेच पाच सर्वांत मोठ्या ऑर्डरींचे निघाले.

म्हणून वेळेसाठी हिस्टोग्राम वापरा. त्यात खण असतात: ०.१ सेकंदाच्या आतल्या किती, ०.२५ च्या आतल्या किती, ०.५, १, २, ५, १०. तुमच्या वचनाचा आकडा एका खणाच्या काठावर बरोबर येऊ द्या. आमचं वचन दोन सेकंदांचं, म्हणून २ चा खण हवाच. त्यावरून ९५ वा आणि ९९ वा शतमक (पर्सेंटाइल) काढता येतो. ९९ वा शतमक ४ सेकंद म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव ऑर्डरी चार सेकंदांत झाल्या. हा आकडा अंदाजे असतो, दोन खणांच्या मधलं अंतर सरळ रेषेने भरलेलं असतं. तीन कंटेनरांचे ९९ वे शतमक काढून त्यांची सरासरी करू नका, तिला काहीच अर्थ नसतो. आधी तिघांचे खण बेरीज करा, मग शतमक काढा.

आणि लेबल, म्हणजे आकड्याला जोडलेली ओळखचिठ्ठी, जपून लावा. लेबलांच्या प्रत्येक वेगळ्या जुळणीची प्रोमिथियस वेगळी ओळ ठेवतं. सेवा, मार्ग, उत्तराचा कोड एवढी लेबलं ठीक. पाच सेवा, प्रत्येकी दहा मार्ग, पाच कोड, आठ खण (वरचे सात आणि सगळ्या मागण्या मोजणारा शेवटचा एक): नुसत्या खणांच्याच २,००० ओळी झाल्या. त्यात कोणी व्यापाऱ्याचा क्रमांक लेबल म्हणून घातला आणि व्यापारी दोन हजार असले, तर त्या ४० लाख होतात आणि प्रोमिथियसच मेमरी संपून पडतं. व्यापारी कोण, ऑर्डर कोणती, ह्याची जागा ट्रेस आणि लॉगमध्ये.

पायरी ५: रेशन तपासा

आता त्या दुपारकडे येतो. साठा सेवेला आम्ही अर्ध्या सीपीयूची मर्यादा घातली होती. अर्धा सीपीयू म्हणजे अर्ध्या वेगाने चालणारा सीपीयू, असंच मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नसतं. कर्नल वेळेचे १०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं आणि अर्धा सीपीयू म्हणजे प्रत्येक तुकड्यात ५० मिलिसेकंदांचं रेशन. आमची साठा सेवा गो भाषेत लिहिलेली. गोच्या १.२५ च्या आधीच्या आवृत्त्या कंटेनरची मर्यादा बघत नाहीत, यंत्राचे कोअर मोजतात. यंत्राला चार कोअर होते, म्हणून तिचे चार धागे (थ्रेड) एकदम धावायचे. चौघांनी मिळून ५० मिलिसेकंदांचं रेशन साडेबारा मिलिसेकंदांत संपवलं की उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळी सेवा जागच्या जागी गोठून बसायची. पुढचा तुकडा सुरू झाला की पुन्हा धाव, पुन्हा गोठणं.

मिनिटभराच्या सरासरीत हे दिसत नाही. काही तुकडे रिकामे, काही गच्च, आणि बेरीज चाळीस टक्के. आम्ही पाहिलेला आकडा हाच होता.

हे शोधायला सीॲडव्हायझरकडे दोन मोजण्या आहेत: एकूण किती तुकडे झाले आणि त्यांतल्या किती तुकड्यांत कंटेनरला थोपवलं गेलं. दुसरीला पहिलीने भागा. शंभरात एखादा असेल तर सोडून द्या. शंभरात वीस-पंचवीस असतील तर ग्राहकाला ते जाणवतंय असं समजा. ग्राफानाच्या पहिल्या पानावर हा आलेख असायलाच हवा, आणि मी पाहिलेल्या बहुतेक तयार डॅशबोर्डांमध्ये तो खाली कुठेतरी दडलेला असतो.

मेमरीबद्दल थोडक्यात. एकूण वापराच्या आकड्यात फाइलींची कॅशही धरलेली असते, ती लागेल तेव्हा कर्नल मोकळी करतं. त्यामुळे तो आकडा मर्यादेला टेकलेला दिसला तरी घाबरू नका. ‘वर्किंग सेट’ नावाचा आकडा बघा, आणि तो दिवसेंदिवस चढत राहिला, कंटेनर नवा सुरू झाल्यावरच उतरला, तर कोडमध्ये गळती आहे.

पायरी ६: ट्रेसिंग, म्हणजे एका ऑर्डरचा पाठलाग

मेट्रिक, म्हणजे आतापर्यंत मोजलेले आकडे, सांगतात की काही ऑर्डरी रेंगाळतात. कुठे रेंगाळतात ते ट्रेस सांगतो. गूगलने २०१० मध्ये आपल्या डॅपर ह्या यंत्रणेवर शोधनिबंध लिहिला, त्यावरून ट्विटरने झिपकिन केलं, उबरने येगर; दोन्ही ट्रेस बघण्याची साधनं. २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झालं. आज शिकायचं असेल तर सरळ ओपनटेलिमेट्री शिका. कोड एकदाच लिहावा लागतो, ट्रेस बघण्याचं साधन नंतर बदलता येतं.

मागणी दारात आली की तिला ३२ अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. एका सेवेतून दुसरीकडे जाताना तो हेडरमधून बरोबर जातो. प्रत्येक सेवा आपल्या कामाचा तुकडा, ज्याला स्पॅन म्हणतात, सुरुवात आणि शेवटाच्या वेळेसह नोंदवते. बहुतेक भाषांमध्ये वेब आणि डेटाबेसचे स्पॅन तयार लायब्ररीतून आपोआप मिळतात. रांगेपाशी मात्र साखळी तुटते. रेडिसमध्ये चिठ्ठी टाकताना तो क्रमांक चिठ्ठीतच लिहावा लागतो आणि उचलणाऱ्याने तो वाचावा लागतो. हे काम हातानेच करा आणि झालंय का ते पडद्यावर बघून खात्री करा.

येगर आणि ओपनटेलिमेट्री कलेक्टर (सेवांच्या नोंदी गोळा करून पुढे पाठवणारा) उभे करून सेवांना ४३१७ किंवा ४३१८ पोर्टवर नोंदी पाठवायला सांगा, आणि १६६८६ वर येगरचं पान उघडा.

आम्ही ते उघडलं तेव्हा दुपारच्या एका ऑर्डरचा ट्रेस असा दिसला. सर्वांत वर दर्शनी सेवेची लांब पट्टी. तिच्याखाली ऑर्डर सेवेची जवळजवळ तेवढीच लांब. आणि तिच्याखाली जिन्यासारख्या उतरत गेलेल्या बारीक पट्ट्या, एक संपली की दुसरी. मोजल्या तर अठ्ठेचाळीस. त्या ऑर्डरीत चादरींचे आणि टॉवेलांचे अठ्ठेचाळीस प्रकार होते आणि ऑर्डर सेवा प्रत्येक प्रकारासाठी साठा सेवेला वेगळं विचारत होती. निम्म्या पट्ट्या ४० मिलिसेकंदांच्या आसपास होत्या, उरलेल्या १३० च्या आसपास. चाळीसमध्ये साडेसत्त्याऐंशी मिळवा, तेच गोठणं. सगळं मिळून चार सेकंदांच्या वर.

आणि दर्शनी सेवा थांबायची तीनच सेकंद. ती पुन्हा विचारायची, म्हणजे अठ्ठेचाळीस प्रश्न नव्याने सुरू. जुने अठ्ठेचाळीस अजून चालूच. त्यात व्यापाऱ्यांनी चारदा दाबलेलं. दोन-तीन प्रकारांच्या छोट्या ऑर्डरी मात्र बिनबोभाट जात होत्या, म्हणून सरासरी गोड दिसत होती. बाहेरगावचे मोठे व्यापारी दुपारीच ऑर्डरी भरतात, म्हणून हे दुपारीच व्हायचं.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. सगळ्या प्रकारांचा साठा एका प्रश्नात विचारला. साठा सेवेला पूर्ण एक सीपीयू दिला आणि तिचे धागे रेशनला धरून ठेवले. पुन्हा विचारणं एकदाच, तेही थोडं थांबून, आणि प्रत्येक ऑर्डरीला वेगळी खूण दिली, म्हणजे चारदा दाबलं तरी नोंद एकदाच होते.

छोट्या ॲपचे सगळे ट्रेस ठेवा. पसारा वाढला की चुकलेले आणि रेंगाळलेले सगळे, बाकीच्यांतले दहात एक, अशी निवड कलेक्टरमध्ये करता येते. मात्र त्यासाठी एका मागणीचे सगळे स्पॅन एकाच कलेक्टरकडे यावे लागतात.

पायरी ७: लॉग

लॉग स्टँडर्ड आउटपुटवर लिहा, एका ओळीत एक घटना, जेसनमध्ये, आणि प्रत्येक ओळीत ट्रेसचा क्रमांक. तो क्रमांक असला की येगरमधून उचलून लॉगमध्ये शोधता येतो. मोबाइल नंबर आणि पैशांचे तपशील लॉगमध्ये जाऊ देऊ नका. एवढंच.

पायरी ८: फोन कधी वाजावा

जुन्या मागावर आडवा धागा तुटला की एक छोटी काट्यासारखी पट्टी ते ओळखते आणि माग आपोआप थांबतो. शेडमध्ये धूळ वाढली, तेल कमी झालं, ह्यासाठी माग थांबत नाही. कापड बिघडणार असेल तेव्हाच थांबतो. रात्री झोपेतून उठवणारी सूचना अशीच हवी. सीपीयू ८० टक्के झाला म्हणून कोणाला उठवू नका. ऑर्डरी नोंदल्या जात नसतील तर उठवा.

आमचा मुख्य नियम असा: गेल्या पाच मिनिटांतल्या ऑर्डरींपैकी पाच टक्क्यांहून जास्त दोन सेकंदांच्या पुढे गेल्या, आणि ही स्थिती पाच मिनिटं टिकली, तर फोन. ह्याला एक पुस्ती जोडा: त्या पाच मिनिटांत किमान वीस ऑर्डरी असाव्यात. नाहीतर पहाटे दोनच ऑर्डरी आल्या आणि त्यांतली एक रेंगाळली तरी ते पन्नास टक्के होतात. डिस्क भरत चालल्याची सूचना वेगळी, दिवसा येणारी. प्रोमिथियस आलेखाचा कल बघून चार तासांनी डिस्क भरेल का ते सांगू शकतं.

‘आमचं ॲप ९९.९ टक्के चालू असतं’ असं कोणी मालकांना सांगत असेल तर त्याचा हिशेब करून द्या. तीस दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंद बंद राहण्याची मुभा, बस. आमचा दीड तास एकट्यानेच ती दुपटीने संपवून गेला होता.

सूचनेचा मजकूर मराठीत लिहा. काय बिघडलंय, कोणाला त्रास होतोय, कोणता आलेख उघडायचा, पहिलं काय करून बघायचं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमच्यातले निम्मे जण नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात. त्या दिवसांत फोन कोणाकडे जाईल हे आम्ही डिसेंबरातच ठरवतो, आणि तो फोन बरेचदा सर्वांत नव्या मुलाकडे असतो. गर्दीत उभं राहून, झोपेच्या डोळ्यांनीही समजेल असा मजकूर हवा.

कुबरनेटीसवर गेलात तर

वरचं सगळं तसंच लागू पडतं. शोधण्याची सोय तिथे प्रोमिथियसमध्ये तयार असते, आणि कुबे-स्टेट-मेट्रिक्स बसवलं की कोणता पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट, बहुतेकदा एकच कंटेनर) किती वेळा नव्याने सुरू झाला ते कळतं. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. जिवंत आहे का आणि तयार आहे का, अशा दोन तपासण्या तिथे असतात. जिवंतपणाच्या तपासणीत डेटाबेसला विचारू नका. डेटाबेस थोडा वेळ अडखळला की कुबरनेटीस सगळे पॉड मेलेले समजून एकदम नव्याने सुरू करतं, आणि ते सगळे मिळून अडखळलेल्या डेटाबेसवर तुटून पडतात. डेटाबेसची विचारपूस तयारीच्या तपासणीत करा. तिथे फक्त पॉडकडे नवी मागणी जाणं थांबतं.

पायरी ९: देखरेखीवर देखरेख

ॲपचं यंत्रच बसलं तर त्याच यंत्रावरचं प्रोमिथियसही गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं प्रोमिथियस लांबून अगदी निवांत दिसतं. म्हणून दुसऱ्या ठिकाणी एक छोटं यंत्र घ्या आणि तिथून दर मिनिटाला ॲपचं पान बाहेरून उघडून बघा. ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर हेच करतो. शिवाय एक सूचना अशी लिहा जी कायम चालू राहते आणि त्या दुसऱ्या यंत्राकडे जात राहते. ती यायची थांबली की समजायचं, देखरेख बंद पडलीय.

मग चाचणी घ्या. दिवसाढवळ्या, मालकांना सांगून, एक कंटेनर हाताने बंद करा आणि घड्याळ लावा. आम्ही निरोप सेवा बंद केली आणि फोन वाजायला जवळजवळ सात मिनिटं लागली. कुठे गेली ती शोधली: पाच मिनिटं ‘टिकण्याची’ अट, मिनिटभर प्रोमिथियसने नियम तपासण्याच्या दोन वेळांमधलं अंतर, अर्धं मिनिट अलर्टमॅनेजर (प्रोमिथियसच्या सूचना माणसांपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) एकसारख्या सूचना एकत्र करायला थांबतो ते, आणि उरलेला वेळ फेरीचा. आता रेंगाळण्यासाठी पाच मिनिटांची अट तशीच आहे, ‘अप’ शून्य झाल्यावरची अट दोन मिनिटांची केलीय, आणि नियम दर पंधरा सेकंदांनी तपासले जातात. पुढच्या चाचणीत फोन तीन मिनिटांच्या आत वाजला.